पडवीतल्या पेट्यांबद्दल

वाणगाव,
मे अखेर

चि. भाचीस,


तुझा बेत आधी ताईकडून कळला, मग तुझा मेसेजही दोनदा वाचला. बोईसरच्या घराची मागची पडवी बंद करून घ्यायची, तिथं काचेच्या पेट्या मांडायच्या, सापडतील ते जखमी साप, घोरपडी, कासवं आणून बरी करायची आणि मग जंगलात सोडायची. बाहेर लावायच्या पाटीचा मजकूरही तू लिहून ठेवला आहेस. आयुष्य वनखात्यात काढलेल्या मामाला तू आधी विचारलंस, याचा फार आनंद झाला. म्हणून उत्तरही सरळ देतो. काम जरूर कर, आपल्या भागाला तुझ्यासारख्या माणसांची गरज आहे. पण त्या पडवीत एकही पेटी मांडू नकोस.

कायदा आधी सांगतो, कारण चांगल्या मनाची पोरं इथंच अडकतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात जीव घेण्याबरोबर पकडणं, फासात अडकवणं, हुसकावणं हेही येतं. त्यामुळे ‘मी मारलं नाही, वाचवलं’ एवढ्यानं सुटका होत नाही. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी ताब्यात आला की तो सरकारी मालमत्ता. ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं आणि मागतील तेव्हा स्वाधीन करायचं. लेखी परवानगीशिवाय तो घरात ठेवता येत नाही, मेलेला असला तरीही. शिवाय कलम ५७ आहे: प्राणी तुझ्या ताब्यात सापडला, तर तो बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचा भार तुझ्यावर. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि शिक्षाही वाढल्या. अजगर, घोरपड, सगळी समुद्री कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड.

‘केंद्र’ हा शब्दही पाटीवरून काढ. कायद्यात प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येतच बचाव केंद्र येतं आणि त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. ती पडवीला मिळत नाही, मिळूही नये. बत्तीस शिराळ्याचं उदाहरण तुला आठवत असेल. पिढ्यान्‌पिढ्यांची नागपंचमी, सगळं गाव एका बाजूला, तरी उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नाग पकडणं थांबलं. २०२५ मध्ये फक्त शैक्षणिक कारणासाठी एकवीस नाग पकडू देण्याची मुभा मिळाली, तीही थेट केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडून. अख्ख्या गावाला दिल्लीची परवानगी लागते, तिथं आपल्या पडवीनं स्वतःला वेगळं समजू नये.

हा कायदा तुला जाचक वाटेल. मला तो प्राण्याच्या बाजूचा वाटतो. साप काचेच्या पेटीत बरा होतो ही समजूतच चुकीची आहे. रानातला पकडलेला साप घाबरून आठवडे आठवडे खात नाही. काचेवर तोंड घासून घासून त्याची नाकपुडी सोलवटते. ऊब मिळावी म्हणून लावलेल्या बल्बनं पोट भाजतं आणि त्याला ते वेळेवर कळतही नाही. एका पेटीतला आजार चिमट्यावरून, पाण्याच्या वाटीवरून दुसऱ्या पेटीत जातो आणि पुढं सोडलेल्या सापाबरोबर रानात. कासवं आणि सरडे यांच्या अंगावर साल्मोनेला असतो. तुझ्या घरात रांगतं मूल आहे, हे मी वेगळं सांगायला नको. आणि अंडी! पाया खणताना नागाची किंवा धामणीची अंडी निघाली की हल्ली पुष्कळ जण ती घरी नेऊन प्लास्टिकच्या डब्यात उबवतात आणि पिल्लांचे फोटो टाकतात. तू तसं करू नकोस. अंडीसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतात. वनरक्षकाला बोलाव. पिल्लं बाहेर पडेपर्यंत काम थांबवता आलं तर ती जागच्या जागी राहू देणं सगळ्यात बरं. नाहीच जमलं तर खातं ठरवील.

मग घरातून काय करता येईल? पुष्कळ. तुझं घर प्राण्याचं राहायचं ठिकाण होऊ नये, निरोपाचं ठिकाण व्हावं. तिथं एक फोन असावा, नोंदवही असावी, साहित्याची पेटी असावी. प्राणी तुझ्या हातातून काही तासांतच पुढं गेला पाहिजे, एकतर पकडल्या जागेजवळच्या रानात किंवा खात्याच्या ताब्यात आणि डॉक्टरांकडे.

त्यासाठी पहिला फोन येण्याआधी ओळखी हव्यात. तुझ्या बीटचा वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि डहाणूचे उपवनसंरक्षक ही उतरंड नीट समजून घे. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक कोण आहेत ते विचार. रीतसर अर्ज दे: शिक्षण, पत्ता, कोणाकडे शिकलीस, कुठल्या भागात काम करणार, आणि मुख्य म्हणजे खात्याच्या सूचनेनुसार आणि देखरेखीखाली काम करणार असं लिहून दे. लेखी उत्तर येईपर्यंत सापाला हात लावू नकोस. तोवर लोकांना १९२६ हा वनखात्याचा निःशुल्क क्रमांक दे. २०२५ मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा राज्याच्या मंत्र्यांनी केली. घोषणेवर विसंबून राहू नकोस, स्वतःचा विमा आधी काढ.

नोंदवही हा या कामाचा कणा आहे. फोन किती वाजता आला, कोणाकडून, कुठल्या पाड्यावरून किंवा कुठल्या प्लॉटमधून, कोणती जात, जखम होती का, वनरक्षकाला किती वाजता कळवलं, कुठं सोडला, सोबत कोण होतं. ओळखीपुरता एक फोटो. नोंदवही तुला कज्ज्यातून वाचवील हे खरंच, पण तेवढंच नाही. दोन पावसाळ्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्यास की तुला कळेल, कोणत्या गोदामातून पुन्हा पुन्हा बोलावणं येतं. तिथं साप ही अडचण नसते, उंदीर असतात. तारापूर एमआयडीसीत पॅलेटचे ढीग, सांडलेलं धान्य, उघडी गटारं जिथं, तिथं उंदीर. उंदरांमागं धामण येते आणि नागही. व्यवस्थापकाशी बोलून ढीग हलवून घेतलास, दाराखालची फट बुजवून घेतलीस, तर पुढचे दहा साप पकडावेच लागणार नाहीत. ते काम फोटोत दिसत नाही, पण माझ्या लेखी त्याची किंमत जास्त आहे.

बहुतेक फोनवर तुझं पहिलं काम साप न पकडण्याचं आहे. अंगणातून जाणारी दिवड, विहिरीच्या काठावरची धामण यांना जाऊ द्यायचं. फोनवर शांतपणे सांगायचं: लांब उभे राहा, पोरांना आत घ्या, नजर ठेवा, वाट मोकळी करा. साप घरात शिरला असेल, माणसांच्या मधे अडकला असेल, तरच निघायचं.

पकडायचं कसं हे मी पत्रात शिकवणार नाही. ते व्हिडिओ पाहूनही शिकू नकोस. खात्यानं मान्य केलेल्या जाणत्या माणसाबरोबर एक अख्खा पावसाळा फक्त पिशवी धरायला जा. डोळा आधी तयार होऊ दे. कवड्या आणि मण्यार यांत भली भली माणसं फसतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि पुढच्या भागात ठळक असतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीनं, आणि मानेमागं बरंच अंतर सोडून सुरू होतात. घोणशीचं पिल्लू अजगराचं समजून उचलणारे दवाखान्यात पोचतात. फुरसं आणि मांजऱ्या हीदेखील तशीच जोडी. खात्री नसेल तर तो विषारीच आहे असं धरून वाग.

साहित्य साधं असतं: हुक, दुहेरी शिलाईची सुती पिशवी, तिच्या तोंडाशी बसणारा पीव्हीसी पाइप, घट्ट झाकणाची भोकं पाडलेली बादली, चांगली टॉर्च, गमबूट. चिमट्यावर भर नको, बरगड्या मोडतात. भरलेली पिशवी खांद्याला किंवा मोटरसायकलच्या हँडलला अडकवून कधीही नेऊ नकोस. आधी बादलीत, मग गाडीवर. आणि हातात साप धरून फोटो नाही, गळ्यात नाही, फणा काढायला लावणं नाही. तुझं पाहून उद्या एखादा शाळकरी मुलगा हात घालील. धामणीलासुद्धा लोकांसमोर उघड्या हातानं उचलू नकोस, कारण बघणाऱ्याला धामण आणि नाग यांतला फरक कळत नाही.

सोडायचं ते पकडल्या जागेच्या शक्य तितकं जवळ, फार तर किलोमीटरभरात, त्याच जातीला मानवेल अशा जागी. सगळे साप पोत्यात भरून लांबच्या घाटात नेऊन सोडण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. सापाला आपली बिळं, पाणी, भक्ष्याच्या वाटा ठाऊक असतात. नव्या मुलखात तो भटकत राहतो आणि मरतो किंवा मारला जातो. कर्नाटकात आगुंबे इथं रेडिओ ट्रान्समीटर बसवून दूर सोडलेल्या नागराजाचा अभ्यास झाला, तेव्हा त्याची अशी लांबलांबची भटकंती दिसली.

जखमी प्राणी हा वेगळा विषय. तुझ्या भागात दोन तऱ्हा जास्त दिसतील. वाडीभोवती आणि भाजीच्या मळ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत साप अडकतो. सुटायला धडपडतो तशी जाळी खवल्यांखाली रुतते. गोदामातल्या उंदरांच्या गोंदाच्या फळीवर तो चिकटतो, तेव्हा ओढायचं नाही, कातडं निघून येतं. खाण्याचं तेल थोडं थोडं घालून गोंद सैल करायचा, तोंड आणि नाकपुड्या सांभाळायच्या. जाळी बोथट टोकाच्या कात्रीनं बाहेरूनच कापायची, रुतलेला धागा डॉक्टरांसाठी ठेवायचा. हे सगळं वनरक्षकाला कळवून. इंजेक्शन, टाके, प्रतिजैविकं यांना हात लावायचा नाही, ते पशुवैद्याचं काम. सगळ्याच पशुवैद्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव नसतो, म्हणून कोणाला आहे हे आधीच विचारून ठेव.

समुद्राचं पाहू. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर कासवं लागतात. केळवे, सातपाटी, नवापूर, चिंचणी, डहाणू, बोर्डी, कुठंही. बहुतेक ऑलिव्ह रिडले, कधी हिरवं कासव. समुद्रात सुटलेल्या जाळ्यांनी वल्ह्यासारखे पाय कापलेले असतात. लोक प्रेमानं त्यांना पुन्हा पाण्यात ढकलतात आणि थकलेलं कासव बुडून मरतं. तू तिथं असलीस तर ढकलू देऊ नकोस. सावली कर, पाठीवर ओलं फडकं टाक, नाक उघडं ठेव, तोंडात पाणी घालू नकोस, पायाला दोरी बांधून ओढू देऊ नकोस. न्यायचं असेल तर सुलटं, टायरवर किंवा जाड फोमवर. आणि लगेच डहाणू वनविभागाला फोन.

डहाणूच्या पारनाक्यावर समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही डहाणूची संस्था मिळून ते चालवतात. मुद्दाम जाऊन पाहा आणि परवानगी मिळाली तर तिथं राबून ये. टाक्या धुणं, पाणी बदलणं, मासे तोलून देणं, नोंदी ठेवणं, महिनोन्‌महिने वाट पाहणं. प्राणी ठेवून बरा करायचा म्हणजे काय लागतं ते तिथं दिसेल: जागा, खारं पाणी, पशुवैद्य, रात्रपाळीची माणसं, आणि डोक्यावर खात्याची जबाबदारी. जे काम पडवीत करायचं तू मनात आणलंस, ते खरं असं असतं, आणि आपल्याच जिल्ह्यात उभं आहे. तू त्याला हात लाव, त्याची नक्कल घरी करू नकोस.

मच्छीमारांशीही नातं जोड. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा इतर संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे. कांदळवन कक्षाकडं फोटोसह अर्ज करावा लागतो. ज्या भावानं जाळं कापलं, त्याचा अर्ज भरून दे. त्याच्या महागड्या जाळ्याची किंमत चुकती झाली, तर पुढचं कासव तो आपण होऊन सोडील.

तुझा एक प्रश्न परदेशी प्राण्यांबद्दल होता. शहरातून आणलेले इग्वाना, बॉल पायथन लोकांना नकोसे होतात आणि टाकून दिले जातात. घरात ठेवून सांभाळण्याचा काही कायदेशीर मार्ग असलाच, तर तो इथंच आहे, पण तोही मोकळा नाही. हे प्राणी दुरुस्त कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते, नव्यानं ताब्यात आला तर तीस दिवसांच्या आत. मालकी बदलली, पिल्लं झाली, मेला, हे सगळं कळवायचं असतं. आधीच्या मालकाकडं कागद नसतील, तर तू मधे पडू नकोस, त्यालाच वनविभागाकडं पाठव. तारांकित कासव मात्र कोणी ‘पाळीव’ म्हणून आणून दिलं तरी ते देशी आहे, पहिल्या अनुसूचीतलं आहे. त्याला घरात पाऊलही नको, सरळ खात्याकडं. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारी लाल कानांची कासवं लोक तळ्यात सोडतात. ती अमेरिकेची, आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावणारी. ‘मोठं झालं, कुठं सोडू?’ म्हणून कोणी विचारलं तर उत्तर एकच: कुठंही नाही. ज्याने घेतलं त्याने सांभाळायचं.

आता सर्पदंश. तू सर्पमित्र झालीस की लोक दंशाच्या वेळीही तुलाच बोलावतील, आणि साप पकडण्यापेक्षा ते मोठं काम आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. आराखडा पाड्यावर पोचवायला माणूस लागतो. बोईसर, पालघर, डहाणू, कासा इथल्या सरकारी दवाखान्यांत आणि तुझ्या आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रतिसर्पविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचार आणि भिंतीवर लिहून ठेव.

दंश झाला की चीर नाही, चोखणं नाही, आवळून दोरी नाही, साप पकडून दवाखान्यात नेणं नाही. माणसाला स्थिर ठेवायचं, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपलं प्रतिसर्पविष चालतं. बांबूतला हिरवा चापडा त्यात नाही, म्हणून डॉक्टरांना दंश कुठं आणि कसा झाला हे नेमकं सांगता आलं पाहिजे. भगताकडं आधी जाणाऱ्यांना रागावू नकोस. पाड्यावर भगताचा मान आहे. त्यालाच भेट, त्याच्याशी बोल, ‘तुमच्याकडं आला तर आधी गाडीत घाला’ एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. तो शब्द पाळील, माझा तसा अनुभव आहे.

आणि बोईसरच्या चाळींत, एमआयडीसीमागच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री येते, तिचा दंश दुखतही नाही, सकाळी पोटात कळ आणि पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. त्यांना हिंदीत सांग: मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा, रात्री बाहेर जाताना टॉर्च घ्या. तुझ्या या कामात हुकपेक्षा मच्छरदाण्या जास्त जीव वाचवतील, माणसांचेही आणि सापांचेही. माणूस मेला की त्या वस्तीत पुढचे सगळे साप मरतात.

पैशांचं एकदाच सांगतो. साप काढायचे पैसे मागू नकोस. पेट्रोलला कोणी स्वखुशीनं दिलं तर नोंदवहीत लिही. नोकरी सोडू नकोस. घरच्यांना विचारल्याशिवाय रात्री बाहेर पडू नकोस आणि एकटी कधीच जाऊ नकोस.

पडवीसाठी जमवलेल्या पैशांतून गमबूट, दोन चांगल्या टॉर्च आणि विमा घे. मृग लागायच्या आत एका शनिवारी वाणगावला ये. आधारची प्रत, दोन फोटो आणि अर्जाचा कच्चा मसुदा आण. मसुदा आपण दोघं नीट करू आणि सोमवारी रजा टाक, परिक्षेत्र कार्यालयात मी तुझ्याबरोबर येतो.

तुझा,
मामा